इतर, नमूद करा

रबाळ्याच्या गिअरबॉक्स कारखान्यात
मला एकशे बारा फॉर्म भरून घ्यायचे होते.
प्रकल्पाचं नाव लांबलचक,
त्यात ‘परिवर्तन’ दोनदा.
गेटवरच्या वहीत माझ्या नावापुढे लिहिलं गेलं:
कॉलेज, चौकशी.

अठ्ठ्याण्णवावे हिराजी भोपी.
राहणार गोठिवली. शिक्षण नववी,
गणितात आपटलो तेही लिही, म्हणाले.
जन्मतारखेला अडखळले.
संगणक वापरता का?
नाय.
डेटा वाचता येतो का, एक ते पाचमध्ये सांगा.
ते म्हणाले, कशाचा?

आणि मला टेस्ट बेडपाशी घेऊन गेले.
फूटभर लांब स्क्रूड्रायव्हर,
मूठ लाकडी, हाताच्या घामानं काळीभोर.
टोक बेअरिंगच्या घराला,
मूठ कानामागच्या हाडाला.
डोळे मिटले.
वर पडद्यावर सगळे आकडे हिरवे.
“कनकनते,” म्हणाले, “अजून खरखरत नाय.
गुरवारपावत काढंल.”

चुकता का कधी?
“चुकलो ना. चार नंबरला.
सेन्सर तीन दिस सांगत होता, मी हसत होतो.
शाफ्ट गेला.
एक लाख अकरा हजार तीनशे.”
हा आकडा सांगताना अडखळले नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत मुंब्र्याची मेहनाज सोलकर येते,
डेटा विभागातली, वय चोवीस.
लॅपटॉप डब्यांच्या मधे ठेवते,
एक हेडफोन तिला, एक त्यांना.
रात्रभर यंत्रांनी जे बडबडलं
ते ती ऐकवते, ते नाव ठेवतात:
कनकन. घुरघुर. हा दात खातो.
हा उपाशी.
“म्हणजे तेल कमी ना काका?”
“तेल कमी येगळं.
उपाशी म्हंजे तेल हाय, पन पोचत नाय.”
तिच्या यादीत देवनागरी चालत नाही,
म्हणून रोमन अक्षरांत
तो शब्द आता कुठल्याशा सर्व्हरवर बसलाय
आणि पुण्यातला एखादा गिअरबॉक्स
उपाशी आहे की नाही
ते परस्पर ठरवतोय.

मार्चमध्ये काका निवृत्त होणार.
मेहनाज म्हणते, अजून दोनशे आवाज बाकी आहेत.
काका म्हणतात, दोनशेच?

प्रश्न सोळावा: प्रशिक्षण कुठे घेतलं?
“आयपाशी.”
मला वाटलं आयटीआय. तसं टाइपही केलं.
“आय गं, आय. मिठागरावं होती.
मीठ पिकलं का पायाखाली बोलतं.
कच्चं मुकं असतं.
ती मना नेवाची, म्हनाची, चपला काढ, आयक.”
मी खोडलं.
ते मिठागर खाडीकडे नेमकं कुठे होतं, मी विचारलं.
त्यांनी हात केला तिकडे
पार्किंग होतं.

प्रश्न सतरावा: डिजिटल उद्योगासाठी उपयुक्त कौशल्यं.
पर्याय अकरा, बारावा ‘इतर, नमूद करा’.
चौकटीत पन्नास अक्षरं मावतात.
मी लिहिलं: ऐकता येतं.
पुसलं. कुणाला येत नाही?
लिहिलं: आवाजांना नावं देतात.
पुसलं. हे बारशाचं वाटतं.
लिहिलं: उपाशी आणि तेल कमी यांतला फरक.
ते ठेवलं.
सही करताना त्यांनी विचारलं,
“अजून किती रायले?”
चौदा.
“मंग च्या पी.”

आता विश्लेषण सुरू आहे.
तीन टक्क्यांखालचं ‘इतर’ गाळायचं, असा नियम.
नियम मीच लिहिलाय, जूनमध्ये,
एसी खोलीत, अगदी समजून उमजून.

शुक्रवारी मेहनाजचा मेसेज:
बुधवारीच खरखरलं. काका एका दिवसानं चुकले,
पडदा अजून हिरवाच आहे.

रात्री कोपरखैरण्याच्या खोलीत
घरमालकिणीचा जुना फ्रिज चालू होतो.
मी पेन्सिलीचं एक टोक त्याच्या पाठीला लावते,
दुसरं कानामागच्या हाडाला.
डोळे मिटते.
बराच वेळ.
फ्रिज वाजतोय, एवढंच कळतं.

एक ते पाचमध्ये:
एक.